कँटर जमेना, राग आवरेना, तर घोडेस्वारी सोडून द्यावी का?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ३८. नोकरी नाशिकच्या अंबडला, त्यामुळे घोडेस्वारी फक्त रविवारी सकाळी, गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका क्लबात. आठ महिने झाले. पहिले सहा महिने एका म्हाताऱ्या काठेवाडी घोड्यावर शिकलात, ट्रॉट, म्हणजे दुडकी चाल, चांगली बसली होती. मग तो घोडा आजारी पडला, तुमच्याकडे रेसमधून निवृत्त झालेली घोडी आली आणि त्याच सुमारास कँटर, म्हणजे ट्रॉटच्या पुढची वेगाची चाल, सुरू झाली. दुसऱ्याच आठवड्यात डावीकडच्या कोपऱ्यावर पडलात, डावा खांदा दुखावला. आता बरा आहे म्हणता. पण तेव्हापासून कँटर तर राहोच, हातात आलेली ट्रॉटही गेली. तुमच्या मागून आलेली दहा-बारा वर्षांची मुलं पुढे निघून गेली. आणि गेल्या रविवारी घोडी डावीकडे वळेचना, तेव्हा तुम्ही रागाने लगाम हिसकलात, तिने मान वर फेकली. घरी आल्यावर स्वतःचीच इतकी लाज वाटली की आता विचारताय, सोडून देऊ का?

मी बरीच वर्षं नाशिकमध्ये मोठ्या माणसांना घोड्यावर बसायला शिकवते. हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकला आहे. बहुतेक जण तो सहा-आठ महिन्यांच्या आसपासच विचारतात, कारण तोवर सोपं तेवढं शिकून झालेलं असतं. तुमच्या बाबतीत मला दिसतं ते असं: घोडा बदलला, वेग बदलला, पडण्याची भीती आली आणि खांदा दुखावला. या चार गोष्टी महिना-दीड महिन्यात एकदम अंगावर आल्या. तुम्ही मात्र चौघींची बेरीज करून एकच उत्तर काढलंत, 'मला जमत नाही.' तुमचा हिरमोड या बेरजेतून आला आहे. ती सोडवून एकेक गोष्ट वेगळी केली, तर त्यातली प्रत्येक सुधारण्यासारखी आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी तुम्हाला घोड्यावर बसलेलं पाहिलेलं नाही. तुमची रिकीब (पाय ठेवायची कडी) किती लांब आहे, खोगीर घोडीला बसतं का, तुमचे सर कसे शिकवतात, यावर बरंच अवलंबून आहे. तेव्हा खाली लिहिलंय त्यातलं काय लागू पडतं ते रिंगणात उभं राहूनच ठरवावं लागेल.

घोडीपासून सुरुवात करू, कारण तिच्यावर अन्याय होतोय असं मला वाटतं. रेसच्या घोड्याला एक गोष्ट पक्की अंगवळणी पडलेली असते: जॉकीने लगाम ताणून धरला की त्यावर भार टाकायचा आणि पळायचं. तुमचा काठेवाडी लगाम किंचित आखडला की मंद होत असणार. या घोडीला तुम्ही तेच सांगायला जाता आणि तिला कळतं नेमकं उलट. तुम्ही ओढता, ती रेटते, तुम्ही आणखी ओढता. बघणारे म्हणतात, घोडी तोंडाची कडक आहे. अशा घोड्याला ओढून धरायचं नसतं. घ्यायचं आणि सोडायचं, पुन्हा घ्यायचं आणि सोडायचं. त्याच वेळी पाठ ताठ करून मांड, म्हणजे खोगिरातली बैठक, जड करायची आणि श्वास बाहेर सोडायचा. लगामात सततचा ताण उरला नाही की तिला रेटायलाही काही उरत नाही. हे एका सकाळीत जमत नाही, पण चालीत, म्हणजे साध्या वॉकमध्ये, तीन-चार रविवार केलंत तर फरक हाताला जाणवेल.

तिच्या दुखण्याचंही पाहायला हवं. काल नीट चालणारा घोडा आज ऐकत नसेल, तर स्वभावाला दोष देण्याआधी पाठ, तोंड आणि खूर तपासायचे, हा माझ्या पागेतला नियम आहे. घोड्याचे दात आयुष्यभर झिजत आणि वर येत राहतात. त्यांच्या कडा धारदार झाल्या की गालाला आतून घासतात आणि बिटचा, म्हणजे लगामाच्या तोंडातल्या कडीचा, जरासा दाबही नकोसा होतो. म्हणून वर्षातून एकदा तरी दात बघावे लागतात. नाल सहा ते आठ आठवड्यांनी बदलून घ्यावी लागते. उरली पाठ. येत्या रविवारी अर्धा तास लवकर जा आणि खरारा स्वतः करा. खोगीर बसतं तिथे मणक्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात दाबत न्या. एखाद्या जागी ती पाठ खाली चोरते का, कातडी थरथरते का, बघा. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे पाडते का, चावायला मान वळवते का, तेही बघा. यातलं काही दिसलं तर त्या दिवशी बसू नका, सरांना सांगा, डॉक्टरांना दाखवायला लावा.

आणि पागेतल्या मामांशी बोला. घोडीला चारा घालणारा, लीद उचलणारा माणूस तिच्याबद्दल सगळ्यांपेक्षा जास्त जाणतो. 'मामा, आज हिने चंदी नीट खाल्ली का?' एवढं विचारलंत तरी त्या दिवशी तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळेल. क्लबात येणारी बरीचशी मंडळी तयार घोड्यावर बसतात, तासाने उतरतात आणि गाडी काढतात. मला ही पद्धत मुळीच आवडत नाही. अशाने घोडा म्हणजे भाड्याचं यंत्र वाटायला लागतो, आणि यंत्र चाललं नाही की माणसाला राग येतोच.

आता पडण्याबद्दल. 'पडलास की लगेच पुन्हा चढ' हा सल्ला तुम्हालाही मिळाला असेल. तो अर्धाच खरा आहे. डोक्याला मार लागला असेल, मळमळतंय, गरगरतंय, झापड येतेय, काय झालं ते नीट आठवत नाही, असं काहीही असेल तर चढायचं नाही, दवाखाना गाठायचा. हेल्मेटवर जोरात आपटलं असाल तर वरून तडा दिसत नसला तरी ते हेल्मेट बदलायचं. आतला थर एकदाच मार झेलण्यासाठी असतो. आणि हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं, सायकलचं किंवा क्रिकेटचं चालत नाही.

अंग सावरलं तरी मनातली भीती मागे राहते. ती त्या कोपऱ्यावरच तुमची वाट बघत असते. काय होतं ते सांगते, पडून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत मी हे पाहते. कोपरा पंधरा-वीस पावलांवर आला की श्वास थांबतो. श्वास थांबला की गुडघे खोगिराला आवळले जातात. गुडघे आवळले की टाच वर येते, पाऊल रिकिबीत पुढे सरकतं, बूड खोगिरापासून सुटतं आणि माणूस पुढे झुकतो. पुढे झुकलेल्या माणसाला तोल सांभाळायला एकच गोष्ट हाताशी असते, ती म्हणजे लगाम. म्हणजे कोपऱ्यात शिरताना घोडीच्या तोंडात ओढ बसते, पाठीवर भार पुढे सरकतो, आणि तिला कळतं की पुढे काहीतरी भयंकर आहे.

ही माझी कल्पना नाही. स्वीडनमध्ये झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांनी घोडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा होता, काहींनी हातात धरून, काहींनी वर बसून. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं की यावेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरीही माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि सोबतच्या घोड्यांचेही वाढले. घोड्याला छत्रीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. तुमच्या घोडीलाही त्या कोपऱ्याबद्दल दुसरं कुणी सांगितलेलं नाही.

त्यामुळे काम श्वासापासून सुरू करावं लागतं. मी माझ्या विद्यार्थ्यांना ट्रॉटमध्ये सातचा पाढा मोठ्याने म्हणायला लावते. सुरुवातीला लाजतात. पण आवाज काढताना श्वास कोंडता येत नाही, आणि आवाज कुठे अडखळला त्यावरून भीती नेमकी कुठे आहे ते मला रिंगणाच्या मध्यावरून ऐकू येतं. त्या कोपऱ्यात आधी फक्त चालत जा. तिथे थांबा, मान थोपटा, लगाम लांब सोडा, घोडी मान खाली करून फुरफुरली की निघा. दोन्ही बाजूंनी जा, कारण घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, आणि डावीकडून नीट पाहिलेल्या वस्तूला तो उजवीकडून येताना पुन्हा बुजतो, हे आम्ही रोज पाहतो. आमच्याकडे गिरणाऱ्याच्या रस्त्याला द्राक्षबागांत पाखरं हाकायला चमकत्या पट्ट्या बांधतात. जाताना शांत गेलेला घोडा परतताना त्याच पट्ट्यांना पाहून आडवा होतो. तुमच्या त्या कोपऱ्यापलीकडे असं काही फडफडतंय का, तेही एकदा बघून घ्या.

सरांना एक विनंती करा: दोन-तीन तास लाँजच्या दोरीवर घ्या, म्हणजे सर मध्ये उभे आणि घोडी लांब दोरीवर त्यांच्याभोवती गोल फिरते. घोडी त्यांच्या हातात, लगाम तिच्या मानेवर गाठ मारून ठेवलेला, तुमचे हात मोकळे. वेग आणि दिशा त्यांनी सांभाळायची, तुम्ही फक्त मांड बसवायची. मोठी माणसं याला कमीपणा समजतात, 'पुन्हा पहिलीत बसवलं' म्हणतात. मला ते खरंच समजत नाही. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या स्वारांना सुरुवातीला दीर्घकाळ लाँजवरच बसवतात, रिकीब आणि लगाम न देता. जगातली उत्तम मांड तिथे अशी घडते.

आता रागाबद्दल. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तेच. लाज वाटली हे चांगलं झालं, पण लाजेवर थांबू नका, नेमकं काय घडलं ते समजून घ्या.

घोडा शिकतो तो दाब सुटण्यातून. तुम्ही पायाने दाबता, तो पाऊल टाकतो, त्याच क्षणी पाय सैल होतो, आणि त्याला कळतं की हेच हवं होतं. ही वेळ फार नाजूक असते. एक-दोन सेकंद उशीर झाला तरी घोडा त्याचा संबंध दुसऱ्याच कशाशी लावतो. रागात आपण नेहमी उशिरा असतो. घोडी वळली नाही, मग तुम्हाला अपमान वाटला, मग हात गेला. तोवर ती तीन पावलं पुढे आलेली असते. तिच्यासाठी तो हिसका 'वळली नाहीस म्हणून' नव्हता. नीट चालत असताना तोंडात अचानक कळ आली, एवढंच तिने पाहिलं. पुढच्या वेळी ती मान वर धरून, पाठ खोलगट करून येईल, आणि अशा पाठीवर बसणं आणखी अवघड. म्हणजे रागाने आपणच आपली पुढची अडचण तयार करतो.

हे थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, आधुनिक पंचक्रीडेत (पाच खेळांची एकत्र स्पर्धा, त्यात तेव्हा घोडेस्वारीही होती) जर्मनीची आनिका श्लॉय पोहणं आणि तलवारबाजीनंतर आघाडीवर होती. त्या खेळात घोडा चिठ्ठी टाकून मिळत असे, ओळख करून घ्यायला फक्त वीस मिनिटं. तिला मिळालेला सेंट बॉय त्याआधीच दुसऱ्या स्वाराखाली अडलेला होता. तो तिच्याखालीही अडला. ती रडत रडत चाबूक वापरत राहिली, प्रशिक्षिका बाहेरून 'मार' म्हणत राहिल्या आणि त्यांनी घोड्याला हातानेही मारलं. श्लॉय ३१ वी आली, प्रशिक्षिकेला स्पर्धेतून बाहेर काढलं, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकण्यात आली. मी हे त्या मुलीला दोष द्यायला सांगत नाही. अनोळखी, घाबरलेला घोडा आणि हरण्याच्या भीतीने ताठलेला स्वार एकत्र आले की सुवर्णपदकाच्या उंबरठ्यावरचा माणूसही कसा हतबल होतो, ते पाहा. त्या क्षणी तिथे एकच गोष्ट योग्य ठरली असती: थांबणं. स्पर्धेने तिला ते करू दिलं नाही. तुम्हाला रविवारी सकाळी कुणीही अडवलेलं नाही.

म्हणून माझ्या रिंगणात पाळतो तो नियम तुम्हीही पाळा. जबडा आवळला गेलाय हे जाणवलं की घोड्याकडे नवीन काहीही मागायचं नाही. चालीवर या, लगाम लांब सोडा, एक फेरी नुसती मारा. त्या फेरीत खोगिराखाली लक्ष द्या: घोडीचा मागचा कुठला पाय आता पुढे येतोय, ते तुमच्या बुडाला कळतं का? डावा, उजवा, डावा, उजवा, असं मनात म्हणत राहा. चालीत तिची पाठ आलटूनपालटून एकेक बाजूला खाली जाते, ते सापडायला वेळ लागतो, आणि ते शोधताना राग धरून ठेवणं कठीण असतं. फेरी संपल्यावरही हात कडक वाटला, तर त्या दिवशी एखादी सोपी गोष्ट नीट करून घ्या, जशी सरळ रेषेत चालून थांबणं, शाबासकी द्या आणि उतरा. वीस मिनिटांत उतरलात तरी चालेल. पैसे तासाचे दिलेत म्हणून तास भरून काढायचा नसतो.

तुम्ही लिहिलंय, 'मागे जायचं जिवावर येतं.' इथे मला तुमच्याशी वाद घालायचा आहे. कँटर बिघडते तेव्हा बिघाड कँटरमध्ये नसतोच बहुधा. घोडी ट्रॉटमध्ये धावत सुटते, आणखी धावते, आणि त्या घाईतून कँटरमध्ये जाणं तिला शक्यच होत नाही. तुम्ही मात्र टाचा मारत राहता. तिला परत चालीवर आणून, तोल सावरून, आठ-दहा पावलं शांत ट्रॉट मिळाली की मग कोपऱ्यात आतला पाय तंगापाशी, बाहेरचा किंचित मागे, आणि हात पुढे सैल. कँटर ही तिसरी पायरी, ती दुसरीतून, म्हणजे ट्रॉटमधून येते, आणि दुसरी पहिलीतून, म्हणजे चालीतून. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धांत आपल्या चौघांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या चालींच्या आणि शिस्तीच्या स्पर्धेत, सांघिक सुवर्ण मिळवलं, १९८२ नंतरचं भारताचं घोडेस्वारीतलं पहिलं. त्या पातळीवरही परीक्षक साध्या चालीला गुण देतात, चारही पाय नीट जुळवून चौकोनी थांबण्याला देतात, एका चालीतून दुसरीत किती गुळगुळीत गेलात त्याला देतात. तुम्ही ज्याला 'मागे' म्हणता, ते त्यांचं रोजचं काम आहे.

मुलांची तुलना तर काढूनच टाका. त्यांचं शरीर हलकं, पडण्याचं अंतर कमी, आणि सोमवारी कामावर हजर राहायची चिंता नाही. शिवाय यातली काही मुलं शाळेतही घोड्यावर बसतात. आपल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये घोडेस्वारी शिकवतात, आणि ती शाळा १९३७ पासून इथे आहे. आठवड्यातून एकदा बसणाऱ्याची तुलना रोज बसणाऱ्याशी होत नाही. जमलं तर शनिवार-रविवार सलग दोन दिवस जा. सात दिवसांच्या अंतरात अंग बरंच विसरतं, लागोपाठच्या दुसऱ्या दिवशी मात्र आदल्या दिवसाचं अंगात असतं. पैशांचा प्रश्न असेल तर महिन्यातून दोनच आठवडे जा, पण दोन्ही दिवस.

सोडावं का, याचं माझं उत्तर असं आहे. आत्ता ठरवू नका. पावसाळा तोंडावर आहे, जून ते सप्टेंबर आपल्याकडची मोकळी रिंगणं चिखलाची असतात, समजूतदार सर तेव्हा कुणालाच कँटर करू देत नाहीत. म्हणजे चार महिने तुमच्यावर कँटरचा दबावच नाही. चाल, थांबणं, लाँज, खरारा, उघडीप मिळाली तर ट्रॉट. ऑक्टोबरात जमीन वाळली की पुन्हा कँटर मागा आणि मग निर्णय घ्या. तोवर तुम्हाला घोडीजवळ नुसतं उभं राहायलाही नको वाटत असेल, तर खुशाल सोडा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण सकाळी पागेत शिरताना अजून बरं वाटत असेल, तर अडचण शिकण्याच्या पद्धतीत आहे, तुमच्यात नाही.

क्लबाबद्दलही विचार करा. दुखणाऱ्या घोड्यावर बसायला लावणारे, लाँजवर घ्या म्हटलं की हसणारे, घाबरलेल्या माणसावर ओरडणारे सर असतील तर क्लब बदला. त्यात कृतघ्नपणा नाही.

आणि तो खांदा. बरा आहे म्हणता, तरी आरशासमोर उभं राहून दोन्ही हात कानाला लागेपर्यंत वर नेऊन बघा. डावा हात मागे राहत असेल किंवा शेवटी अडत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. आखडलेल्या खांद्याचा माणूस नकळत तो हात अंगाशी धरून ठेवतो, त्यामुळे डाव्या लगामात सतत ओढ राहते, वळतानाही ती सैल होत नाही. घोडी डावीकडेच का अडते, याचं कारण कदाचित तिथेच सापडेल.